विश्लेषण : चिनी भाषेत ‘नको’ कसे म्हणतात? डॉ. कोटणीसांच्या आयुष्यातून उलगडणारी नकाराची भाषा

दीड-दोन वर्षांचे मूल सर्वात ठसक्यात कोणता शब्द बोलते, असे कोणत्याही आईला विचारले तर उत्तर एकच येईल : ‘नको’. दूध नको, टोपी नको, झोप नको. गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा परिसरात तर हा नकार मूल एकाहून अधिक बोलींत ऐकते. कुठे घरात पोवारी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी आणि अंगणवाडीत मराठी. मग ज्या मुलाचे वडील मराठी आणि आई चिनी, ते मूल ‘नको’ कोणत्या भाषेत म्हणेल? असे एक मूल ऑगस्ट १९४२ मध्ये उत्तर चीनच्या डोंगराळ भागात जन्मले. त्याचे वडील होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. हा प्रश्न त्या घरापुरता नाही. भाषा मुलापर्यंत कशी पोहोचते आणि कशामुळे पोहोचत नाही, हे त्यातून समजते.

डॉ. कोटणीस कोण होते?

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. पुढील शिक्षणाची तयारी सुरू असतानाच त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी सैन्याकडे डॉक्टर आणि औषधे यांची मोठी टंचाई होती. सेनानी झू दे यांनी जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने निधी जमा झाला, रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. देबेश मुखर्जी, डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. कोटणीस. म्हणजे पाचांपैकी एक विदर्भातले आणि एक सोलापूरचे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबईचा किनारा सोडला आणि त्याच महिन्यात ते दक्षिण चीनमधील ग्वांगजौ बंदरात पोहोचले. तेव्हा कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

चीनमध्ये त्यांनी काय काम केले?

पथक आधी वुहानला गेले. ऑक्टोबरमध्ये ते शहर जपानच्या हाती पडले, तेव्हा पथक यिचांगमार्गे चोंगचिंगला हलले. तेथून उत्तरेकडे प्रवास करत फेब्रुवारी १९३९ मध्ये ते यानआनला पोहोचले. हे चिनी साम्यवाद्यांचे मुख्य केंद्र होते. पुढे पथकातील तिघे मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू मात्र राहिले. बसू नंतर यानआनला गेले आणि कोटणीस आघाडीजवळच्या डोंगराळ सीमाभागात थांबले.

या भागात आधी कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून काम करत होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रियेदरम्यान झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आले. रुग्णालय म्हणजे मोठी इमारत नव्हे. गावातली घरे, देवळे, मिळेल तो आडोसा म्हणजे वॉर्ड. शत्रू जवळ आला की जखमींसह सगळे हलवायचे. शस्त्रक्रिया आणि जखमींची देखभाल यांच्याबरोबरच त्यांना वैद्यकीय शाळेत शिकवायचेही होते. विद्यार्थी होते खेड्यापाड्यांतून आलेले तरुण. त्यांना इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे शिक्षकानेच चिनी शिकणे भाग होते.

ते चिनी किती शिकले?

केवळ कामापुरते नव्हे. ते चिनी बोलायला, वाचायला आणि लिहायला शिकले. चिनी भाषेतून व्याख्याने देऊ लागले. शल्यचिकित्सेच्या मूलतत्त्वांवरील पाठ्यपुस्तक त्यांनी चिनीत तयार केले. त्यापुढचे, शल्यचिकित्सेच्या तपशिलांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले.

त्यांना चिनी नावही मिळाले : के दिहुआ. ‘के’ आणि ‘दि’ हे कोटणीस या आडनावाच्या चिनी उच्चारातून आले. ‘हुआ’ म्हणजे चीन. पाचही भारतीय डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हे अक्षर जोडले गेले होते. लोक त्यांना के दाइफू म्हणजे के डॉक्टर म्हणत.

परक्या भाषेत डॉक्टरी करताना होकारापेक्षा नकार समजणे अधिक महत्त्वाचे असते. दुखत नाही, ताप नाही, जेवलो नाही, हात लावू नका. यातला एकही नकार चुकीचा समजला तर उपचार चुकू शकतो. आणि चिनी भाषेत नेमका इथेच पेच आहे.

चिनीत ‘नाही’ला शब्द कोणता?

एकच शब्द नाही. नवख्याला हे ऐकून गोंधळ होतो, पण मराठी माणसाला होऊ नये. कारण आपल्याकडेही ‘नको’, ‘नाही’, ‘नव्हे’ आणि ‘नये’ अशी वेगवेगळी रूपे आहेत. पाहुण्याला ‘चहा नको’ आणि ‘चहा नाही’ यांतला फरक लगेच कळतो. पहिल्यात पाहुणा नाकारतो, दुसऱ्यात घरातला डबा रिकामा असतो.

प्रमाण चिनीतील मुख्य रूपे अशी (उच्चार अंदाजे) :

• वस्तू नाकारणे : मराठीत ‘नको’, चिनीत ‘पू याओ’.

• वस्तू नसणे : मराठीत ‘नाही’, चिनीत ‘मेई योऊ’.

• ओळख नाकारणे : मराठीत ‘हे ते नव्हे’, चिनीत ‘पू श्र’.

• घडले नाही असे सांगणे : मराठीत ‘केले नाही’, चिनीत क्रियापदाआधी ‘मेई’.

• मनाई करणे : मराठीत ‘करू नकोस’, चिनीत क्रियापदाआधी ‘पिए’ किंवा पुन्हा ‘पू याओ’.

• गरज नाही असे नम्रपणे सांगणे : मराठीत ‘राहू द्या’, चिनीत ‘पू युंग’.

यात एक गंमत आहे. मराठीत ‘नको’ दोन कामे करते. ‘मला नको’ हा नकार आणि ‘रडू नको’ ही मनाई. चिनीतील ‘पू याओ’सुद्धा तीच दोन कामे करते. हिंदीत मात्र ‘नहीं चाहिए’ आणि ‘मत’ असे दोन वेगळे रस्ते आहेत. म्हणजे या एका बाबतीत मराठी मूल शेजारच्या हिंदीपेक्षा दूरच्या चिनीला जवळचे आहे.

‘हवे की नको?’ हा प्रश्नही दोन्हीकडे एकाच घडणीचा. चिनीत विचारतात ‘याओ पू याओ?’ आणि उत्तर येते ‘याओ’ किंवा ‘पू याओ’. सगळीकडे चालणारे एकच ‘हो’ किंवा ‘नाही’ चिनीत नसते. ज्या क्रियापदाने प्रश्न विचारला, त्याच क्रियापदाने उत्तर द्यायचे.

मग अवघड काय?

अवघड आहे ‘पू’ आणि ‘मेई’ यांची वाटणी. मराठीत ‘जेवत नाही’, ‘जेवणार नाही’ आणि ‘जेवलो नाही’ यांतला काळ क्रियापद सांगते. ‘नाही’ तेच राहते. चिनीत क्रियापद बदलत नाही, नकाराचा शब्द बदलतो. ‘छ्र’ म्हणजे खाणे. ‘पू छ्र’ म्हणजे खात नाही किंवा खाणार नाही. ‘मेई छ्र’ म्हणजे खाल्लेले नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी भूल देताना हा फरक किती महत्त्वाचा, हे कोणताही डॉक्टर सांगेल. रुग्णाचे पोट रिकामे आहे, की त्याला फक्त आता जेवायचे नाही? दोन्हींतला फरक एका छोट्या शब्दावर अवलंबून.

दुसरी अडचण स्वरांची. चिनीत शब्दाचा स्वर चढला की उतरला, यावर अर्थ ठरतो. ‘पू’ हा एरवी उतरत्या स्वराचा शब्द. पण पुढचा शब्दही उतरत्या स्वराचा असेल तर ‘पू’ चढता होतो. ‘पू याओ’ आणि ‘पू श्र’ या दोन्हींत हेच घडते. चिनी मूल हा नियम शिकत नाही, दिवसभर कानावर पडल्याने तो त्याच्या तोंडात बसतो. प्रौढाला मात्र तो घोकावा लागतो.

मराठी कानाची एक जमेची बाजूही आहे. हा शब्द रोमन लिपीत ‘बी’ अक्षराने लिहितात, पण उच्चार आपल्या ‘प’च्या जवळचा असतो. चिनीतील फरक ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ यांच्यासारखा, श्वास सोडण्या-न सोडण्याचा आहे. मराठी माणसाला तो जन्मापासून येतो.

कोटणीसांनी कशाला नकार दिला?

त्यांच्या आयुष्यातले मोठे निर्णय पाहिले तर त्यांत तीन नकार ठळक दिसतात.

पहिला नकार घरी परतण्याला. मोहिमेवर असतानाच सोलापूरहून वडिलांच्या निधनाची बातमी आली. घराची जबाबदारी होती, परत जाण्याचा मार्गही मोकळा होता. ते परतले नाहीत.

दुसरा नकार मुदत संपल्यावर निघून जाण्याला. सहकारी एकेक करून परतत असताना त्यांनी आघाडीजवळचे काम निवडले.

तिसरा नकार स्वतःच्या उपचारांना. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. आघाडी सोडून दुसरीकडे जाऊन उपचार घ्यावेत, असे त्यांना वरिष्ठांकडून सुचवले गेले. त्यांनी ते मानले नाही. आज मागे वळून पाहताना हा नकार बोचतो. शेजारी सतत जखमी येत असताना डॉक्टरने जागा सोडायची की नाही, याचे उत्तर त्यांनी स्वतःपुरते दिले, पण त्याची किंमत त्यांच्या घरालाही मोजावी लागली.

यिनहुआ हे नाव कसे पडले?

बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत ग्वो चिंगलान या परिचारिका-शिक्षिका होत्या. १९४१ च्या अखेरीस कोटणीस आणि चिंगलान यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ हे भारताच्या चिनी नावातले पहिले अक्षर आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन देश एका नावात बसवले गेले.

मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता. ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतात अपस्माराच्या झटक्यांनी डॉ. कोटणीस यांचे निधन झाले. वय अवघे ३२ वर्षे.

चार महिन्यांचे मूल हुंकार देते, आवाज ओळखते, पण शब्द बोलत नाही. ‘नको’ म्हणायला अजून वर्षभर तरी अवकाश होता. यिनहुआ आईच्या भाषेत वाढला. नावात भारत राहिला, पण वडिलांची भाषा रोज बोलणारे माणूस घरात उरले नाही. पुढे तोही वडिलांप्रमाणे वैद्यकीय शिक्षणाकडे वळला, मात्र शिक्षण पूर्ण होण्याआधीच १९६७ मध्ये त्याचे निधन झाले.

दोन भाषांच्या घरात मूल नकार कसे शिकते?

यावर अभ्यासकांनी शंभराहून अधिक वर्षे लक्ष ठेवले आहे, आणि सुरुवात बहुतेक वेळा स्वतःच्या घरापासून झाली. फ्रेंच भाषातज्ज्ञ ज्यूल रोंझा यांनी आपल्या मुलाच्या फ्रेंच आणि जर्मन बोलण्याच्या नोंदी १९१३ मध्ये पुस्तकरूपाने मांडल्या. त्यांच्या घरात वडील फ्रेंच बोलत, आई जर्मन. एका माणसाची एक भाषा, ही पद्धत त्यातून गाजली. चिनी भाषातज्ज्ञ चाओ युआनरेन अमेरिकेत राहत होते. त्यांनी २८ महिन्यांच्या आपल्या नातीच्या चिनी बोलण्याचे बारकाईने विश्लेषण केले, ते १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले.

अमेरिकी अभ्यासक लोइस ब्लूम यांनी १९७० मध्ये लहान मुलांच्या नकाराचे तीन प्रकार मांडले : वस्तू नसणे, वस्तू नाकारणे आणि विधान खोडणे. इंग्रजीत लहान मूल हे तिन्ही एकाच ‘नो’ने भागवू शकते. मराठी आणि चिनी मुलाला मात्र तिन्हींसाठी वेगळी रूपे मिळतात : ‘नाही’, ‘नको’, ‘नव्हे’ आणि ‘मेई योऊ’, ‘पू याओ’, ‘पू श्र’. रिकामी वाटी दाखवताना एक, तोंडाजवळ आलेला चमचा ढकलताना दुसरे आणि मांजराला कुत्रा म्हणणाऱ्या मोठ्यांना खोडताना तिसरे.

दोन भाषांनी मूल गोंधळते, ही भीती जुनी आहे. सुरुवातीला एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येतात हे खरे. पण दोनेक वर्षांचे मूल समोरच्या माणसानुसार भाषा निवडू लागते. आईला एका भाषेत नाही म्हणते आणि आजीला दुसऱ्या. हा गोंधळ नव्हे. कोणाला कोणती भाषा कळते, याची त्याला जाण आल्याचे हे लक्षण आहे.

नकार इतक्या लवकर का येतो, याचे कारणही साधे आहे. त्याचा परिणाम ताबडतोब दिसतो. ‘पू याओ’ म्हटले की चमचा मागे जातो. शब्दाने जग हलते हे मुलाला इथे पहिल्यांदा कळते. म्हणून मूल ज्या भाषेत हक्काने ‘नको’ म्हणते, ती भाषा त्याची झाली असे समजावे. त्या भाषेत फक्त गाणी पाठ असतील आणि नकार दुसऱ्याच भाषेत येत असेल, तर पहिली भाषा अजून पाहुणीच आहे.

गोंदियातील घरांनी यातून काय घ्यावे?

पोवारी, झाडीबोली, गोंडी, हिंदी, मराठी अशी सरमिसळ या जिल्ह्याला नवी नाही. पण अनेक घरांत आता आजी-आजोबा एक बोली बोलतात, आई-बाबा मुलाशी दुसरी. मुलाला आजीचे बोलणे कळते, मात्र ते उत्तर देते आई-बाबांच्या भाषेत. बोली घरातून जाते ती अशी, कोणतीही घोषणा न होता.

यिनहुआच्या घरातली भाषा युद्धाने आणि आजाराने हिरावली. आपल्या घरात तसे काही घडलेले नसते. बोलणारे माणूस ओसरीवरच बसलेले असते. त्यासाठी शिकवणी नको, मोबाइलमधले अॅप नको. आजीने भरवताना, आंघोळ घालताना, झोपवताना आपल्याच बोलीत बोलावे. मुलाने त्याच बोलीत नकार दिला तर रागावू नये आणि तो शब्द प्रमाण भाषेत सुधारायलाही जाऊ नये. रोजच्या अशा छोट्या भांडणांतूनच भाषा पक्की होते.

आज कोटणीसांची आठवण कुठे आहे?

चीनमध्ये शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे. सोलापुरातील त्यांचे राहते घर स्मारक म्हणून जपले गेले आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. चीनमध्ये १९८२ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला. दोन्ही देशांनी त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकिटे काढली. ग्वो चिंगलान पतीच्या मागे जवळपास सत्तर वर्षे जगल्या. भारतात त्या अनेकदा येऊन गेल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

सोलापूरच्या डॉक्टरने तिशीच्या उंबरठ्यावर चिनी भाषा इतकी आपलीशी केली, की त्या भाषेत पुस्तक लिहिले. स्वतःची मराठी मात्र तो मुलापर्यंत पोहोचवू शकला नाही, कारण त्यासाठी लागणारी दोन वर्षे त्याच्याकडे नव्हती. ज्यांच्याकडे ती आहेत, त्यांनी मुलाच्या पुढच्या ‘नको’कडे थोडे लक्ष द्यावे. तो कोणत्या भाषेत आला, हे ऐकण्यासारखे असते.